अ‍ॅब्लेशननंतर एएफ परतल्यावर

अ‍ॅब्लेशन करून आलेल्या माणसाच्या छातीत काही महिन्यांनी पुन्हा तीच धडधड सुरू झाली, की घरात दोन प्रश्न एकदम उठतात. एवढा खर्च केला तो वाया गेला का, आणि आता सगळे पुन्हा करायचे का? अ‍ॅब्लेशनला जाण्याआधी समजावून सांगणारे पुष्कळ भेटतात. आजार परतल्यावर मात्र रुग्ण बहुधा एकटा पडतो. अ‍ॅब्लेशन करणारे डॉक्टर पुण्या-मुंबईत, रुग्ण आपल्या गावी, आणि मधे माझ्यासारखा फिजिशियन, ज्याच्या टेबलावर जाडजूड फाइल येऊन पडते. हे पुस्तक अशा रुग्णांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि तालुक्याच्या गावी त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी लिहिले आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, परतले म्हणून पहिला उपचार फसला असे सरसकट समजू नये. आणि परतल्यावर ‘दुसरे अ‍ॅब्लेशन करायचे का?’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. नक्की काय परतले, किती परतले आणि कशाच्या बळावर परतले, हे आधी पाहावे. ही उत्तरे हाती आली की उपचाराचा निम्मा निर्णय झालेला असतो. ती नसताना घेतलेला निर्णय, मग तो दुसऱ्या अ‍ॅब्लेशनचा असो की ‘आता करण्यासारखे काही नाही’ असा असो, अंदाजपंचेच असतो.

थोडी पार्श्वभूमी. निरोगी हृदयात ठोक्याचा इशारा उजव्या अलिंदातल्या सायनस नोडमधून निघतो आणि ठरल्या वाटेने खाली निलयांपर्यंत जातो. एएफमध्ये वरचे दोन्ही कप्पे, म्हणजे अलिंदे, मिनिटाला साडेतीनशेहून अधिक वेळा नुसतीच थरथरतात. त्यातले काही इशारे खाली पोचतात, तेही कसलाच ताल न धरता. म्हणून नाडी अनियमित लागते. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साकळते. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवी असते, तिच्यात गुठळी धरते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो.

या आजारावर पहिला धाडसी उपाय शल्यविशारदांनी केला. अमेरिकेतल्या सेंट लुईस येथे जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये मेझ शस्त्रक्रिया सुरू केली. अलिंदात ठरावीक रेषांवर छेद देऊन ते पुन्हा शिवायचे, म्हणजे व्रणांमुळे भरकटलेल्या प्रवाहाला फिरायला वाट उरत नाही. पण त्यासाठी छाती उघडावी लागे. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो येथील मिशेल ऐसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सगळ्यांची नजर एका जागेकडे वळवली. एएफला चेतवणारे जे बिंदू त्यांना सापडले, त्यांतले ९४ टक्के डाव्या अलिंदात उघडणाऱ्या फुप्फुसशिरांच्या तोंडाशी किंवा आत होते. तेव्हापासून त्या शिरांभोवती व्रणांचे कडे करून त्यांचा विद्युत्संबंध तोडणे हा अ‍ॅब्लेशनचा गाभा ठरला. कडे रेडिओलहरींच्या उष्णतेने करतात, फुग्यातल्या अतिथंड वायूने करतात, आणि अलीकडे क्षणार्ध टिकणाऱ्या विद्युत्स्पंदांनीही करतात.

मग एएफ परतते कसे? बऱ्याचदा ते कडे पुरते जुळलेले नसते. प्रक्रियेच्या वेळी ऊतींना सूज येते, काही पेशी मेलेल्या नसतात, नुसत्या बधिर झालेल्या असतात, आणि पडद्यावर शीर पूर्ण तुटलेली दिसते. काही आठवड्यांत सूज उतरते, पेशी सावरतात आणि मधे फट राहते. शेताच्या बांधाला हातभर खिंड पडली तरी पाणी तिथूनच वाट काढते, तसे इथे होते. बाकीचा बांध कितीही पक्का असो. युरोपातल्या गॅप-एएफ चाचणीत पूर्ण कडे केलेल्या रुग्णांना तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांत कुठे ना कुठे फट सापडली. ती चाचणी जुन्या साधनांच्या काळातली होती. आता कडी अधिक टिकतात. पण त्यामुळे दुसरी गोष्ट उघड झाली आहे. चारही शिरा पक्क्या तुटलेल्या असतानाही काहींचे एएफ परतते. अशा वेळी चेतवणारा बिंदू इतरत्र असतो, वरच्या महाशिरेत, कोरोनरी सायनसमध्ये, अलिंदाच्या मागच्या भिंतीवर. किंवा वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने आणि वजनाने अलिंद ताणून, तंतुमय होऊन, स्वतःच एएफला पोसणारी जमीन झालेले असते.

हे कळायला वेळ द्यावा लागतो. अ‍ॅब्लेशननंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत भाजलेल्या ऊतींचा दाह ठोके बिघडवतो. पूर्वी हा काळ तीन महिन्यांचा धरत. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ सहमतीने तो आठ आठवड्यांवर आणला. या मुदतीत आलेले एएफ औषधाने किंवा शॉकने आवरावे, पण त्यावरून निकाल लावू नये. मुदतीआधी दुसऱ्या अ‍ॅब्लेशनची तारीख घेणाऱ्या रुग्णाला मी थांबायला सांगतो. मात्र पहिल्या आठवड्यांत वारंवार त्रास झालेल्यांना पुढे एएफ परतण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्यांच्याकडे डोळेझाकही करता येत नाही.

मुदत संपल्यावर मोजमापाचा प्रश्न येतो. शास्त्रीय चाचण्यांत ३० सेकंदांचे एएफ नोंदले गेले तरी ‘आजार परतला’ असे धरतात. संशोधनाला अशी काटेकोर रेषा लागते, पण रुग्णाच्या आयुष्याला ती पुरत नाही. कॅनडातल्या सर्का-डोस चाचणीत (२०१९) ३४६ रुग्णांच्या कातडीखाली ठोके सतत टिपणारा छोटा रेकॉर्डर बसवला होता. ३० सेकंदांची रेषा लावली तर वर्षभरात जवळजवळ निम्म्यांचा आजार परतला होता. पण एकूण किती वेळ एएफमध्ये गेला हे पाहिले, तर तो ९८ टक्क्यांहून अधिक घटला होता. आठवड्याला दोन दिवस अंथरुणाला खिळणारा माणूस आता महिन्यातून एकदा दहा मिनिटे धडधड सोसत असेल, तर त्याला ‘अ‍ॅब्लेशन फेल’ असे सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे. ‘परत आले का?’ यापेक्षा ‘आधी किती होते, आता किती आहे?’ हे विचारावे, आणि त्याचे उत्तर होल्टरवर, म्हणजे ठोके सतत टिपणाऱ्या अंगावरच्या यंत्रावर, जमल्यास अनेक दिवसांच्या होल्टरवर, शोधावे.

नक्की काय परतले, हा प्रश्न तर याहून दुर्लक्षित. माझ्याकडे सातारा भागातले एक निवृत्त गुरुजी येत. अ‍ॅब्लेशनला वर्ष झालेले, धडधड परतलेली, आणि प्रत्येक चिठ्ठीवर ‘एएफ परतले’ हेच शब्द एकावरून दुसऱ्यावर उतरलेले. गुरुजींनी शाळेच्या वहीत तारीख, वेळ, नाडीचे ठोके असे सगळे रकाने आखून लिहिले होते. त्या वहीत एक गोष्ट नजरेत भरली: त्रासाच्या प्रत्येक वेळी नाडी १५० च्या आसपास, आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहिलेले, ‘ठोके जलद पण सारखे’. एएफमध्ये ठोके असे सारखे पडत नाहीत. पुढच्या धडधडीला त्यांनी लगेच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घेतला, आणि पट्टीवर एएफ नव्हते, फ्लटर होते. जुन्या व्रणांच्या कडेने एकच प्रवाह गोल फिरत होता. अशा फ्लटरचा नकाशा काढून नेमक्या जागी रेषा ओढता येते, आणि त्याचे अ‍ॅब्लेशन एएफपेक्षा कितीतरी नेमके असते. त्याच भेटीत त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, “झोपेत यांचा श्वास मधेच थांबतो, डॉक्टर. मी हलवून उठवते.” एवढ्या जाड फाइलमध्ये झोपेची तपासणी कुठेच नव्हती.

त्या फाइलमधल्या पट्ट्यांबद्दलही सांगायला हवे. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटतो, आणि प्लास्टिकच्या कव्हरात तर लवकर पुसट होतो. दोन वर्षांपूर्वीची मोलाची पट्टी कोरी होऊन आलेली मी पाहिली आहे. पट्टी मिळाली की त्याच दिवशी झेरॉक्स काढावी किंवा मोबाइलवर स्वच्छ फोटो घ्यावा. मनगटावरचे घड्याळ एएफची सूचना देते; ती उपयोगाची आहे, पण त्यातला आलेख डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्यावर उपचार ठरवू नये.

कशाच्या बळावर परतले, हे प्रकरण मी पुस्तकात दुसऱ्या अ‍ॅब्लेशनच्या आधी ठेवले आहे, आणि तसे जाणूनबुजून केले आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड येथील प्रशांतन सँडर्स यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की अ‍ॅब्लेशनबरोबर वजन, रक्तदाब, साखर, झोपेतला श्वासरोध आणि दारू यांवर नेटाने काम केले, तर अ‍ॅब्लेशन जास्त टिकते. पुढच्याच वर्षी त्याच गटाच्या लेगसी अभ्यासात दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवून ते राखणाऱ्यांत एएफमुक्त राहण्याची शक्यता सहापट दिसली. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातच नियमित मद्य घेणाऱ्या १४० रुग्णांवर चाचणी झाली. सहा महिन्यांत मद्य चालू ठेवलेल्या ७३ टक्के रुग्णांचे एएफ परतले, सोडलेल्यांत ५३ टक्क्यांचे. थायरॉइडचीही तपासणी हवीच, कारण थायरॉइड वाढलेला असताना केलेला कुठलाही उपाय टिकत नाही. वजन उतरवा म्हणणे सोपे आणि करणे अवघड, हे मला रोज दिसते. तरीही ज्याचा रक्तदाब १६० वर आहे आणि जो रात्रभर घोरतो, त्याला थेट दुसऱ्या अ‍ॅब्लेशनच्या टेबलावर झोपवणे मला पटत नाही.

औषधांकडे पुन्हा वळावे लागले की रुग्ण हिरमुसतात, कारण औषधे सुटावीत म्हणूनच त्यांनी अ‍ॅब्लेशन केलेले असते. पण आधी निरुपयोगी ठरलेले औषध अ‍ॅब्लेशननंतर लागू पडू शकते. पावडर-एएफ या २०१८ च्या चाचणीत अ‍ॅब्लेशननंतर जुनेच औषध चालू ठेवलेल्यांत वर्षभरात सुमारे ३ टक्क्यांचा आजार परतला, औषध थांबवलेल्यांत सुमारे २२ टक्क्यांचा. औषध मात्र हृदय बघून निवडायचे असते. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांना किंवा कमजोर हृदयाला देत नाहीत. १९८९ च्या कास्ट चाचणीत फ्लेकेनाइडच्या जातीच्या औषधांनी अशा रुग्णांचे मृत्यू वाढवले, तेव्हापासून ही शिस्त आहे. सोटालॉल देताना ईसीजीवर क्यूटी मोजावा लागतो. अमिओडारोन सर्वांत जोरदार, आणि आपल्याकडे सर्वांत सहज लिहिले जाणारे. त्यात आयोडीन असते. ते थायरॉइड बिघडवते, फुप्फुसे आणि यकृतावर परिणाम करते. वर्षानुवर्षे ते घेणाऱ्या आणि एकदाही थायरॉइड न तपासलेल्या रुग्णांची मला काळजी वाटते. दर सहा महिन्यांनी ती तपासणी मागून घ्या.

शॉकबद्दल थोडेच. बर्नार्ड लाउन यांनी १९६२ मध्ये रूढ केलेला हा उपाय ताल तात्पुरता जागेवर आणतो. त्याआधी तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी न चुकता घेतलेली हवी, नाहीतर अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री हवी. त्यानंतर निदान चार आठवडे गोळी चालूच.

आता दुसऱ्या अ‍ॅब्लेशनकडे. त्रास खरा असेल, मुदत उलटली असेल आणि अलिंद फार ताणलेले नसेल, तर तो चांगला पर्याय आहे. मांडीच्या शिरेतून नळ्या वर जातात, दोन अलिंदांमधला पडदा टोचून डाव्या अलिंदात शिरतात, आणि अनेक इलेक्ट्रोड असलेली नळी एकेका फुप्फुसशिरेच्या तोंडात ठेवली जाते. शीर तुटलेली असेल तर तिथे रेषा सपाट राहते. संबंध जुळलेला असेल तर प्रत्येक ठोक्यामागे एक छोटा टोकदार इशारा उमटतो. नळी कडेकडेने फिरवत जिथे तो सर्वांत आधी दिसतो तिथे फट सापडते, आणि पुष्कळदा मोजक्याच ठिकाणी ऊर्जा देऊन ती बुजवता येते. असा रुग्ण भाग्यवान, कारण त्याच्या आजाराचे कारण सापडलेले असते आणि त्यावर उपाय असतो.

चारही शिरांत रेषा सपाट निघाली, की खरा पेच पडतो. इथे कुणाकडेच एकमताचे उत्तर नाही, आणि रुग्णाला हे आधी सांगायला हवे. सतत राहणाऱ्या एएफच्या पहिल्या अ‍ॅब्लेशनमध्ये शिरांखेरीज आणखी रेषा ओढून फायदा होत नाही, हे २०१५ च्या स्टार एएफ-२ चाचणीने ५८९ रुग्णांत दाखवले. मागची भिंत वेगळी काढण्याचा नियमित फायदा २०२३ च्या कॅपला चाचणीत दिसला नाही. एमआरआयवर दिसणारे व्रण शोधून जाळण्याचा डिकाफ-२ मधला प्रयत्नही यशस्वी झाला नाही. उलट ह्यूस्टनच्या मिगेल वाल्देराबानो यांनी मार्शलच्या शिरेत अल्कोहोल सोडण्याची जोड दिली, तेव्हा एका प्रक्रियेनंतरचे यश ३८ वरून ४९ टक्क्यांवर गेले. म्हणून प्रक्रियेआधी डॉक्टरांना सरळ विचारावे: “शिरा सगळ्या बंद निघाल्या, तर तुम्ही पुढे काय कराल, आणि का?” चांगला तज्ज्ञ या प्रश्नाने नाराज होत नाही.

शस्त्रक्रियेचा मार्ग मोजक्यांसाठी आहे. झडपेसाठी किंवा बायपाससाठी छाती उघडायचीच असेल, तर त्याच वेळी मेझ करून घ्यावी आणि अलिंदाची ती पिशवीही बंद करावी; ४,७७० रुग्णांच्या लास-३ चाचणीत (२०२१) पिशवी बंद केलेल्यांत पक्षाघात आणि गुठळ्यांचे प्रमाण ७ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले. एरवी बाहेरून शल्यविशारद आणि आतून नळी अशी संयुक्त प्रक्रिया दीर्घकाळच्या हट्टी एएफसाठी असते. तिचे धोकेही मोठे, त्यामुळे ती पुष्कळ अनुभव असलेल्या ठिकाणीच करावी.

आणि शेवटी तालाचा नाद सोडण्याचा पर्याय. याला पराभव म्हणणे मला मान्य नाही. वय झालेले, अलिंद खूप मोठे झालेले, त्रास बेताचा, अशा माणसाने ठोक्यांचा वेग आवरून एएफसह जगावे हे शहाणपणाचे असते. विश्रांतीत वेग ११० च्या खाली राहिला तरी अनेकांना पुरते, असे २०१० च्या रेस-२ चाचणीने दाखवले. वेग औषधांनी आवरेना, तर पेसमेकर बसवून वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधला एव्ही नोड कायमचा तोडतात. रुग्ण आयुष्यभर पेसमेकरवर अवलंबून राहतो, म्हणून हा निर्णय घाईने घ्यायचा नाही. पण हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात जावे लागलेल्या, कायमच्या एएफच्या १३३ रुग्णांत एपाफ-सीआरटी चाचणीने मृत्यूचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आल्याचे दाखवले. याउलट हृदय कमजोर असूनही ताल टिकण्याची आशा असेल, तर त्यासाठी झटावे. २०१८ ची कॅसल-एएफ चाचणी त्याच बाजूने बोलते.

यातला कुठलाही मार्ग घेतला तरी रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा हिशेब वेगळा राहतो. धडधड थांबली म्हणून गोळी थांबत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, हार्ट फेल्युअर, पूर्वीचा पक्षाघात, रक्तवाहिन्यांचा आजार यांवरून ती ठरते. आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. संधिवाताच्या तापाने मिट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आजही येतात. त्यांना रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांपेक्षा वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिट्रॉमच्या जातीचे औषधच हवे. २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत नव्या गोळ्यांपैकी रिव्हारोक्सॅबान घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. धातूची झडप असलेल्यांनाही हेच लागू. वॉरफेरिनच्या जातीच्या गोळीबरोबर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झाले याचे माप, वेळच्या वेळी तपासावा लागतो. पालेभाजी सोडायची गरज नाही, पण महिनाभर बंद आणि मग श्रावणात रोज, असे करू नये. प्रमाण सारखे ठेवावे.

प्रकरणे क्रमाने वाचायलाच हवीत असे नाही. आपला प्रश्न ज्यात असेल त्यापासून सुरुवात करा. मात्र एक गोष्ट पुस्तक मिटून बाजूला ठेवायची असली तरी लक्षात राहू द्या, आणि घरच्यांनाही सांगा. उष्णता वापरून केलेल्या अ‍ॅब्लेशननंतर क्वचित अन्ननलिका आणि अलिंद यांच्यात छिद्र पडते. ते लगेच कळत नाही. एक ते आठ आठवड्यांनी ताप, गिळताना दुखणे, छातीत कळ, बोलण्यात किंवा हातापायांत एकाएकी कमजोरी अशा रूपात कळते. त्या दिवसांत असे काही झाले, तर तापाची गोळी घेऊन वाट पाहू नका. त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा, दारातच ‘अ‍ॅब्लेशन झाले आहे’ असे सांगा, दुर्बीण घालू देऊ नका, आधी छातीचा सीटी स्कॅन करायला सांगा, आणि ज्यांनी अ‍ॅब्लेशन केले त्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावा.